‘८.८.८.८ टाका आणि आयपीव्ही६ बंद करा’ हे किती दिवस चालणार?

टर्मिनलकर
काल इथे एकाने विचारलं, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, वायफाय जोडलेलं दिसतं, पण काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत बसतात. पहिलंच उत्तर आलं की डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये गूगलच्या डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ टाक, फाइल चॅटर कमांडने लॉक कर, आयपीव्ही६ (आयपीव्ही४ नंतरची इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद कर, विषय संपला. सगळ्यात जास्त लाइक त्यालाच. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

अरे आधी बिघडलंय काय ते तरी बघा. राउटरला पिंग (उत्तर येतं का बघायचं छोटं पॅकेट) जातोय का? जात असेल तर बाहेर इंटरनेटवर १.१.१.१ या पत्त्याला जातोय का? तोही जातोय आणि फक्त नावाने गेलं की अडतंय, तेव्हा डीएनएसवर बोट दाखवा. या माणसाच्या निम्म्या साइट उघडतायत, म्हणजे नावं सापडतायत! ही लक्षणं बहुतेक वेळा एमटीयूची (एका पॅकेटच्या कमाल आकाराची) असतात. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) कनेक्शनवर ८ बाइट त्यातच जातात, १५०० चे १४९२ उरतात, आणि वाटेतल्या एखाद्या राउटरने ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप अडवला की मोठी पॅकेटं गायब होतात आणि पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४६४ बाइट पाठवा (हेडरचे २८ धरून १४९२), मग १४७२ पाठवा (धरून १५००). पहिलं गेलं, दुसरं अडलं की कळलं.

आणि ती लॉक करायची फाइल मुळात लिंक आहे, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी. आत १२७.०.०.५३ असतं कारण लॅपटॉपमधलाच सिस्टिमडी-रिझॉल्व्हड हा डीएनएसचा प्रोग्रॅम तिथे ऐकत असतो. लोक लिंक उडवतात, साधी फाइल ठेवतात, तिला लॉक लावतात, आणि पुढे तोच लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर गेला की का चालत नाही हे कुणालाच आठवत नाही.

बार्शीचा_मेकॅनिक
थिअरी छान आहे साहेब. माझं दुकान आहे, गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं असतं, त्याला पॅकेटचे बाइट सांगत बसू का? आमच्याकडच्या एका केबलवाल्याचा डीएनएस संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की मान टाकतो, नाव जरा चुकलं की जाहिरातीचं पान उघडतो. ८.८.८.८ टाकलं की त्या मिनिटाला चालू. आणि आयपीव्ही६ चं म्हणाल तर राउटर पत्ता देतो पण पुढे रस्ताच नसतो, ब्राउझर कसाबसा आयपीव्ही४ वर येतो पण एपीटी (सॉफ्टवेअर उतरवणारा प्रोग्रॅम) अपडेट शून्य टक्क्यावर बसून राहतं. बंद केलं की पळतं. वर्षानुवर्षं करतोय, कुणाचं वाटोळं झालेलं बघितलं नाही.

टर्मिनलकर
डीएनएस बदला की, कोण नको म्हणतंय! नेटवर्कमॅनेजरमध्ये (वायफायच्या सेटिंगमध्ये) त्या एका कनेक्शनपुरता बदला, तेवढाच वेळ लागतो आणि बाकीची नेटवर्क शाबूत राहतात. एपीटी अडत असेल तर फक्त एपीटीला आयपीव्ही४ वापरायला सांगणारी एक ओळ आहे. एका प्रोग्रॅमसाठी अख्ख्या मशीनचं आयपीव्ही६ का मारायचं?

निळी_शाई
वाटोळं बघितलं नाही म्हणता ना, मग माझ्या मुलीचं ऐका. दुकानदाराने असंच लॉक करून दिलं. घरी मस्त चाललं. हॉस्टेलला गेली तर वायफायचं लॉगिनचं पानच येईना, कारण तिथे लॉगिन होईपर्यंत बाहेरचा डीएनएस बंद असतो. ऐन सबमिशनच्या आठवड्यात पोरगी रडकुंडीला आली, मैत्रिणींनी तिला लिनक्स काढून टाक म्हणून सांगितलं आणि तिने काढलं. आता परत टाकायचं नाव घेऊ देत नाही. त्या दुकानदाराच्या हिशोबात ती ‘चालू करून दिलेली’ मशीन आहे.

बार्शीचा_मेकॅनिक
ताई, ते दुकान माझं नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

गुहागरचा
माझा राग आयपीव्ही६ बंद करा म्हणणाऱ्यांवर आहे. मी पुण्यात, आईवडील गावी. घरी जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स, त्यावर कॅमेरा आणि फोटोंचा बॅकअप. राउटरला बाहेरचा पत्ता मिळतो १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला, म्हणजे सीजीनॅट, एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवणं) करून डोकं आपटा, बाहेरून काही येत नाही. घरापर्यंत थेट पोचायला उरतं फक्त आयपीव्ही६. आणि एक दिवस केबलवाल्याचा पोरगा आला, ‘नेट स्लो आहे’ म्हणून राउटरमध्ये ते बंद करून गेला, वर ॲडमिनचा पासवर्डही बदलला. पैसे माझे, घर माझं, राउटरचा पासवर्ड त्याचा!

बार्शीचा_मेकॅनिक
आयपीव्ही६ देतो तरी, नशीबवान आहात. आमच्याकडे विचारलं तर ‘ते काय असतं’ म्हणतो आणि स्टॅटिक (कायम तोच राहणाऱ्या) आयपीचे दर महिन्याला वेगळे पैसे मागतो.

डेबियनवाली
पण रडायचं कशाला? वायरगार्ड (दोन मशीन खाजगी बोगद्याने जोडणारं व्हीपीएन) २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, ५.६ आवृत्तीपासून. छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, घरच्या पीसीने बाहेर जोडायचं, तुम्हीही तिथेच जोडायचं. नाहीतर टेलस्केल (वायरगार्डवरच बनलेली तयार सेवा) टाका. सीजीनॅटचा प्रश्न मिटला.

गुहागरचा
मिटला कसा? माझ्या आणि माझ्या आईच्या घराच्या मध्ये तिसऱ्याचं मशीन कशाला पाहिजे? २०१६ ला जिओ आलं ते आयपीव्ही६ घेऊनच, मोबाइलवर लोक नकळत ते वापरतात आणि तारेच्या कनेक्शनवर मात्र ‘बंद करा’!

डेबियनवाली
तत्त्व धरून बसा मग. आईचा कॅमेरा दिसला नाही तरी तत्त्व दिसेल. मी उपाय सांगितला, तुम्हाला भांडण हवंय.

गुहागरचा
आईला मध्ये आणू नका.

डुसेलडॉर्फकर
इथे जर्मनीत बऱ्याच केबल कनेक्शनवर डीएस-लाइट असतं, आयपीव्ही४ सामायिक आणि आयपीव्ही६ खरं. घरचा सर्व्हर आयपीव्ही६ वरच चालवतो. गुहागरच्यांचं बरोबर आहे, फक्त फायरवॉल नीट लावा, घरातली मशीन एका पत्त्यामागे झाकणारं नॅट नसल्यामुळे ती जबाबदारी तुमची.

मूळ_प्रश्नवाला
लॅपटॉप माझाच, म्हणजे वडिलांचा. ते सांगलीत, वय ७०, मी फोनवर. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा म्हटलं तर ‘कुठलं एसटीचं?’ विचारतात. टर्मिनलकर, तुमचं सगळं पटतं, पण हे १४६४ त्यांच्याकडून टाइप कसं करून घेऊ?

बार्शीचा_मेकॅनिक
हेच म्हणत होतो मी पहिल्यापासून!

टर्मिनलकर
बरं, टायपिंग नको. त्यांचा मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडायला सांगा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. त्याच अडलेल्या साइट उघडल्या तर मिंट ठीक आहे, दोष वायफाय, राउटर किंवा लाइनचा. मग राउटरच्या सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ आहे का ते केबलवाल्याकडून बघून घ्या. टेदरिंगवरही अडलं तर लॅपटॉपमध्ये बघू. यात बदलायचं काहीच नाही, म्हणून बिघडायचंही काही नाही.

बार्शीचा_मेकॅनिक
टेदरिंगचं चांगलं आहे, दुकानात वापरीन. फाइल लॉक करणंही सोडतो, त्या ताईंच्या मुलीसाठी. पण जिथे रस्ताच नाही तिथे आयपीव्ही६ मी बंदच करणार.

गुहागरचा
करा. पण गिऱ्हाइकाला सांगून करा, आणि पासवर्ड त्याच्या हातात द्या.