'पर्यायी' की 'बदली'? कपॅसिटरच्या तक्त्यावरून पडलेला प्रश्न

रानमोगरा:
शाळकरी मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांची पुस्तिका मराठीत आणते आहे. कपॅसिटर म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग. 'हवा तो कपॅसिटर मिळाला नाही तर त्याच्या जागी कोणता लावावा' या तक्त्याला 'पर्यायी कपॅसिटर' असं शीर्षक दिलं होतं. मसुदा वाचणाऱ्या शिक्षकांनी ते खोडलं. त्यांचं म्हणणं, पर्याय दोन्हीकडून चालतो. चहाला कॉफी पर्याय, तसा कॉफीला चहा. इथे १६ व्होल्टपर्यंत सोसणाऱ्याच्या जागी २५ व्होल्टचा चालतो, पण २५ च्या जागी १६ चा लावला तर तो फुगतो, फुटूही शकतो. मला मुद्दा पटला. मग 'बदली' लिहू का? बदली शिक्षक म्हणतो तसं?

कथील:
ताई, मी बरीच वर्षं रेडिओ दुरुस्त केले. आम्ही नुसतं 'याच्या जागी हा चालतो' म्हणतो, आणि पुढचा प्रश्न 'कशात?' हा असतो. पॉवर सप्लायच्या फिल्टरला १००० मायक्रोफॅरडच्या (फॅरड हे साठवणुकीचं माप) जागी २२०० बहुतेक वेळा चालतो. ५५५ या चिपच्या टायमरला नाही चालत, तिथे वेळच कपॅसिटरवरून ठरते. तिथे १०० किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर १० मायक्रोफॅरड असेल तर १.१ सेकंद मिळतो, २२ लावला की २.४ च्या वर जातो. आणि मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, आडव्या लावलेल्या एक्स-टू या खास सुरक्षित कपॅसिटरच्या जागी साधा कधीच नाही. एवढं सगळं एका शब्दात कसं बसणार?

जुनी पोथी:
'बदली' अरबी आहे. मुलांच्या पुस्तकात त्याऐवजी 'प्रतियोजी' असा शब्द घडवता येईल. आणि मुळात 'कपॅसिटर' का? 'धारित्र' आहे की आपल्याकडे! मराठीतून विज्ञान शिकवायचं तर ते शब्द कानावर पडलेच पाहिजेत.

टेबलफॅन:
'त्याऐवजी' मधला 'ऐवज'ही अरबीच आहे हो. तो तुमच्या तोंडात सहज आला, कारण तो आता मराठी आहे. आमच्याकडे कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात, पंख्याला 'अडीचचा कंडेन्सर' लागतो. माझ्या आजीलाही तो शब्द ठाऊक होता. आणि कंडेन्सर काही अडाण्यांचा शब्द नव्हे. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७८२ मध्ये 'कोंडेन्सातोरे' म्हटलं, त्यावरूनच तो आला.

अरित्र:
'धारित्र' मला आवडतो, पण घडणीत एक खोच आहे. पाणिनीने 'इत्र' प्रत्यय मोजक्या धातूंना सांगितला: खन् पासून खनित्र, लू पासून लवित्र म्हणजे कापायचं हत्यार, ऋ पासून अरित्र म्हणजे वल्हं. त्या यादीत धृ, म्हणजे धारण करणे, नाही.

जुनी पोथी:
आणि धरित्री? ती सगळ्यांना धारण करते. त्याच नात्याने विद्युतभार धारण करतं ते धारित्र. कान ते लगेच ओळखतो.

अरित्र:
धरित्रीची फोड कशी करायची, ते मला खात्रीने सांगता येत नाही. पण नवा शब्द घडवताना सूत्राबाहेर जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही.

रानमोगरा:
तक्त्याचं शीर्षक राहिलंच. त्यात आणखी एक अडचण. मुलं चकतीसारख्या डिस्क कपॅसिटरवरचं '१०४' सरळ 'एकशे चार' वाचतात. ते १० आणि पुढे चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये (मायक्रोचा दहा लाखावा भाग), म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. याला 'खुणा वाचणे' म्हणावं की 'छाप वाचणे'?

टेबलफॅन:
'छाप'. खूण माणूस स्वतः करतो, छाप कारखान्यात उमटते.

कथील:
दुकानात 'पॉइंट वन' म्हणतात, एकशे चार कुणी म्हणत नाही. पण शेवटचं अक्षर तक्त्यात नक्की घाला. '१०४के' मधला के किलोचा नाही, दहा टक्के कमीजास्तचा. जे असेल तर पाच, एम असेल तर वीस. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलाने के म्हणजे हजार धरून पुन्हा तीन शून्यं वाढवली होती. आणि जुन्या भागांवर 'एमएफडी' लिहिलेलं असतं, ते मायक्रोच, मिली नव्हे.

जुनी पोथी:
'कमीजास्त' ला 'सह्यता' म्हणतात.

टेबलफॅन:
कुठे म्हणतात?