मृत्युपत्र, बक्षीसपत्र, ट्रस्ट: ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

घराचे हप्ते कसे फेडले हे आपण एकमेकांना हौसेने सांगतो. तेच घर पुढे कोणाकडे जाणार असं विचारलं, की "अभद्र बोलू नको" म्हणून विषय बंद होतो. म्हणून हा धागा. तुमच्या घरात काय केलंत, कुठे अडलं, कुठला कागद कामी आला ते लिहा. सोसायटी, बँक, वकील यांची नावं मात्र नकोत. सुरुवात मीच करते.

नौपाडा, ठाणे
बाबा गेले तेव्हा सोसायटीत नॉमिनी म्हणून फक्त धाकट्या भावाचं नाव होतं. सेक्रेटरींनी सांगून टाकलं, "फ्लॅट त्याचाच." या एका वाक्यावरून आम्हा भावंडांत बोलणं बंद झालं. वास्तविक नॉमिनी हा मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली आलेल्या तरतुदीनुसार वारसांची नोंद होईपर्यंत त्याला तात्पुरतं सदस्यत्व मिळतं, इतकंच. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनेशनने वारसांचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं. बाबांचं मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे आई, आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ असे चौघे सारखे वारस. शेवटी आम्ही तिन्ही भावंडांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवलं. दुय्यम निबंधक कार्यालयात मशीन आईचा अंगठा घेईना. भाऊ रुमालाने तिचं बोट पुन्हा पुन्हा पुसत उभा होता.

ऐरोली
मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. साक्षीदार मात्र दोन हवेतच. आम्ही नोंदणी केली आणि वडिलांची मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा जोडला. साक्षीदार वडिलांहून बरेच लहान घेतले, कारण उद्या वाद झाला तर निदान एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका.

वाशी
आमच्या मुलाला ऑटिझम आहे. 18 वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून आम्ही पालकत्व घेतलं. पण आमच्यानंतर काय? फ्लॅट थेट त्याच्या नावे ठेवला, तर सही कोण करणार, भाडं कोण वसूल करणार? म्हणून खाजगी ट्रस्ट केला, म्हणजे मालमत्ता त्याच्यासाठी विश्वस्त सांभाळतील. विश्वस्त तिघे: माझी भाची, ह्यांचे एक मित्र आणि एक सीए. तिघांपैकी दोघांच्या सहीशिवाय पैसा हलत नाही. ठेवी आत्ताच ट्रस्टमध्ये टाकल्या. फ्लॅट सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) लीजच्या जमिनीवर, हयातीत हस्तांतर करायचं तर सिडकोची परवानगी आणि शुल्क, म्हणून तो मृत्युपत्रातून ट्रस्टकडे जाईल असं लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ लागला विश्वस्तांसाठी लिहिलेल्या पत्राला. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण माझ्यासाठी तोच मुख्य कागद. भाजीचा रस पोळीला लागलेला त्याला चालत नाही. केस कात्रीनेच कापायचे, मशीनचा आवाज त्याला सोसत नाही. संध्याकाळी मिनी सीशोअरला एक फेरी, पाऊस असला तरी छत्री घेऊन. हे दर वाढदिवसाला मी नव्याने लिहिते.

उलवे
आजोबांची जमीन नवी मुंबईसाठी गेली. जमीन गेलेल्यांना मोबदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांचा भूखंड मंजूर झाला तोवर आजोबा नव्हते. वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज केला, पेपरात जाहीर नोटीस दिली. भावकीतून सल्ला आला, "बहिणींची नावं कशाला घालता? नुसत्या सह्या घ्या." बाबांनी साफ नकार दिला. "त्यापण त्याच बापाच्या लेकी," म्हणाले. तिन्ही आत्यांची नावं दाखल्यावर आली. पैसे कमी आले आमच्या वाट्याला, पण आत्या आजही हक्काने माहेरी येतात.

घोडबंदर रोड
मुलांना बक्षीसपत्र करून देण्याआधी थांबा. राहत्या घरावर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आणि स्थानिक अधिभार, म्हणून लोक घाई करतात. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते. द्यायचंच असेल तर "मुलाने सांभाळ करावा" ही अट कागदात लिहूनच घ्या. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, ते ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातल्या 23 व्या कलमाखाली, आणि ते कलम त्या अटीवर उभं राहतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या कागदात ती अट होती, म्हणून त्या आज स्वतःच्या घरात आहेत.

खारघर
मूळ प्रत कुठे ठेवता सगळे?

नौपाडा, ठाणे
आईने आता तिचं मृत्युपत्र केलंय. एकटीच्या नावावरच्या, नॉमिनी नसलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो उघडायलाच आधी वारसांचे कागद मागतात. आईची प्रत मामांकडे आहे, कारण अंमलबजावणी तेच करणार आहेत. दस्त क्रमांक आम्हा तिघांकडे लिहिलेला आहे. नोंदवलेलं असल्याने, मूळ प्रत हरवली तरी आईच्या पश्चात तिच्या मृत्यूचा दाखला दाखवून निबंधकांकडून नक्कल मिळेल.