जुन्या वळणाची भेटकार्डं घरी करता का? अनुभव लिहा

दिवाळी असो की संक्रांत, आता फोनवर आलेलं चित्र पुढे ढकललं की झालं. पण आमच्या आर्वीकडे आम्ही काही जणी अजून हातानं कार्डं करतो, तेही जुन्या जमान्याचं रूप देऊन. तुम्ही काय वापरता, कुठून मिळवता, सगळं लिहा. मी सुरुवात करते.

कागद जुना दिसायला मी कोरा चहा वापरते, साखर अजिबात नाही, मुंग्या येतात. दाट उकळून गार करायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कडेला जास्त, मधे कमी असा फिरवायचा, बुडवला तर कागदाचा पापड होतो. थोडा ओलसर असतानाच जाड वह्यांखाली दाबून ठेवा. चहा लोखंडी कढईत नका उकळू, काळा पडतो न मग कागद करडा दिसतो.

वणीचा झेरॉक्सवाला : ताई, एक सांगतो. आजीचा नऊवारीतला फोटो घेऊन येतात लोक न म्हणतात याच्यातूनच कापून लावतो कार्डावर, जीव तुटते माहा. एकच फोटो हाये बाप्पा तो! झेरॉक्स काढा, लेझरवर काढा, त्याची पावडर कागदावर पक्की बसते, वरून चहा फिरवला तरी पसरत नाई. इंकजेटचा रंग मात्र वाहून जाते.

कापूसवाली, देवळी : कागदच हातचा घ्या ना. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम १९३४ नंतर उभं राहिलं, तिथे हातकागदही व्हायचा. कापसाच्या चिंध्यांचा कागद खादी भांडारात विचारा. कडा कात्रीनं सरळ करू नका, त्या फाटक्या कडेतच खरी मजा आहे. फक्त शाई आधी कोपऱ्यात लावून बघा, काही कागदांवर फुटते.

मूर्तिजापूरकर : बाबांच्या पंचाहत्तरीला मी शकुंतला रेल्वेचं कार्ड केलं. यवतमाळची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, ते तरुणपणी त्याच गाडीनं बाजाराला जायचे. जुनं पुठ्ठ्याचं तिकीट जेमतेम सव्वादोन इंचाचं, मी तेच मोठं करून कार्ड बनवलं, चिमट्यानं कडेला तसाच खाचा पाडला, आणि 'कुठून-कुठे'च्या जागी त्यांच्या गावाचं नाव आणि आईच्या माहेरचं. बाबा चष्मा लावून किती वेळ वाचत होते, मग आईला हाक मारली. विकतच्या कार्डात हे कुठून येणार सांगा.

पळसफूल, गोंदिया : तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी बैलाची कार्डं करतो. रंग पळसाचा. फुलं होळीच्या सुमाराला वेचून सावलीत वाळवून ठेवायची, पोळ्याला उकळायची, चिमूटभर तुरटी टाकायची. केशरी-पिवळा असा रंग येतो की बाजारचा फिका वाटावा. चिकटवायला कणकेची खळ, पातळ करा.

निवृत्त पोस्टमन, दर्यापूर : सगळ्यांनी इतकं छान लिहिलं, म्हणून पोस्टाचंही सांगतो. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट, पण पुठ्ठा, लेस, बटणं लावली की वजन सहज वर जाते. पोस्टात तोलूनच टाका, नाहीतर कार्ड बैरंग होते आणि कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे ज्याला पाठवलं त्यालाच भरावे लागतात. आणि शिक्का नीट उमटवून द्या म्हणून खिडकीवर सांगा, आनंदानं देतात.