सावली तालुक्यात (बडोदा जिल्हा, गुजरात) सरकारी प्राथमिक शाळा निवडायची आहे, तुलना कशावर करावी?

मांजलपूरची आई
नमस्कार मंडळी. मिस्टरांचं काम मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) असल्यामुळे आम्ही येत्या जूनपासून त्याच बाजूच्या एका गावात राहायला जातोय. लेकीला मे महिन्यात सहा पूर्ण होतात, म्हणजे ती पहिलीत जाणार. एवढ्याशा पोरीला रोज बसमध्ये बसवून बडोद्याला पाठवायचं नाही, गावच्या सरकारी शाळेतच घालायचं, हे आमचं दोघांचं पक्कं आहे.

तीन शाळा आवाक्यात आहेत. घराजवळची पाचवीपर्यंतच आहे, मुलं चाळीसच्या आसपास. दुसरी पे-सेंटर शाळा (म्हणजे आसपासच्या शाळांचे पगार जिथून होतात ती मुख्य शाळा), आठवीपर्यंत, मोठं मैदान, स्मार्ट बोर्ड, पण तिथे छकड्यानं, म्हणजे इकडच्या तीनचाकी रिक्षानं, जावं लागेल. तिसरी पंचायत ऑफिसजवळ, तीही आठवीपर्यंत, मधल्या आकाराची, इमारत जुनी. भेटेल तो सांगतो, मोठीतच घाला. पण मोठी म्हणजे चांगली, हे मला पटत नाही. नेमकं काय बघावं? शिवाय घरी मराठी आणि शाळेत गुजराती, हे तिला झेपेल का?

निवृत्त शिक्षिका, पादरा
ताई, तुमचा निर्णय वाचून फार बरं वाटलं. बडोदा संस्थानात १९०६ सालीच सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू झालं होतं. आपल्या भागात गावात शाळा असण्याचं नवल नाही. त्या शाळेत तुमच्या मुलीला शिकवायला कोण आहे, हे बघायचं.

म्हणून इमारत बाजूला ठेवा आणि आधी शिक्षक मोजा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, निकषानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे चाळीस मुलांच्या शाळेत सगळं नियमाप्रमाणे असलं तरी दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. त्यातले एक मतदारयादीच्या कामाला गेले की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक विज्ञान यांचे निदान एकेक शिक्षक हवेत. गणित-विज्ञानाची जागा भरलेली आहे का, हे मुद्दाम विचारा. प्रत्येक शाळेचा ११ अंकी यूडायस कोड असतो (यूडायस म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद). यूडायसच्या साइटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडून पटसंख्या, शिक्षक आणि वर्गखोल्या घरबसल्या बघता येतात.

मग प्रत्यक्ष जा, पण प्रवेशोत्सवाच्या दिवशी नको. त्या दिवशी पाहुणे असतात, सगळंच छान दिसतं. साध्या मंगळवारी-बुधवारी, मोठ्या सुट्टीनंतर जा. आचार्यांची, म्हणजे मुख्याध्यापकांची, परवानगी घेऊन तिसरीच्या वर्गात थोडा वेळ बसा. मागे बसलेल्या एखाद्या मुलाला अजून न शिकवलेला धडा उघडून चार ओळी वाचायला सांगा, आणि एक हातच्याची वजाबाकी द्या. हुशार मुलाला गुरुजी स्वतःहून पुढे करतील, त्याच्यावरून शाळा कळत नाही.

पहिली-दुसरीचा प्रज्ञा वर्ग (कार्डं घेऊन कृतीतून शिकण्याची पद्धत) बघून दचकू नका. बाकं नसतात, दोन्ही इयत्तांची मुलं एकत्र खाली गोल करून बसलेली असतात, कोणी कार्ड घ्यायला उठतं, कोणी सांगून दाखवतं. गोंगाट असतोच. मूल आपलं कार्ड स्वतः शोधून आणतंय की शिक्षक हातात देतील म्हणून नुसतं बसून आहे, तेवढं बघा.

डेसरचे बाबा
शिक्षिकाबाईंचं बरोबर आहे, पण लहान शाळा एकदम मोडीत काढू नका. माझी दोन्ही मुलं तसल्याच शाळेत शिकली. बाईंना प्रत्येकाचं घर माहीत, पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर त्या दारात हजर. पहिलीच्या मुलाला याची किंमत फार आहे. आणि पावसाळ्यात छकडा येईलच याची खात्री नसते, हे इथे राहणाऱ्यालाच कळतं.

मी तर विचारीन की कायमचे शिक्षक किती आणि ज्ञानसहायक, म्हणजे कंत्राटी शिक्षक, किती? ज्ञानसहायकांचा करार ११ महिन्यांचा असतो. मनापासून शिकवणारे त्यांच्यातही आहेत, पण मूल रुळतं आणि शिक्षक बदलतात. पहिलीचा वर्ग कोणाकडे आहे आणि त्या किती वर्षं तिथे आहेत, यावर माझा सगळा भर राहील.

दांडिया बाजारकर
भाषेची काळजी करू नका. गावात मिळणार ती गुजराती माध्यमाचीच शाळा, आणि या वयाची मुलं अंगणात खेळता खेळता गुजराती उचलतात. ग, न, म, प, र ही अक्षरं बरीचशी आपलीच, फक्त वरची रेघ नाही. ख, ज, झ, फ, ब मात्र वेगळी, तिथे सुरुवातीला गोंधळ होईल. म्हणून पहिली सहामाही तिला गुजरातीच नीट बसू द्या, मराठी वाचन घरी दिवाळीनंतर सुरू करा. तोवर रोज रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवणं मात्र सोडू नका.

मांजलपूरची आई
सगळ्यांचे आभार. तिन्ही शाळा बघून आले. पे-सेंटरला आचार्य चांगले वाटले, पण पहिलीचा वर्ग सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांची बदली ठरलीय. घराजवळच्या शाळेत एकच बाई हजर होत्या, पाचही इयत्ता एका खोलीत. बाई मायाळू, पण पाचवीला लेखी काम देऊन पहिलीकडे वळेपर्यंत त्यांची नुसती धावपळ.

पंचायतीजवळच्या शाळेत तिसरीतला एक मुलगा ओळीखाली बोट ठेवून वाचत होता. जोडाक्षरावर अडला. बाईंनी शब्द सांगितला नाही, त्या शांतपणे थांबल्या. त्यानं दोनदा चाचपून तो स्वतःच वाचला. पहिलीचा वर्गही याच बाईंनी बरीच वर्षं सांभाळलाय आणि येत्या वर्षी तो पुन्हा त्यांच्याकडे आहे. आमचं तिथेच ठरतंय. कागदपत्रं काय लागतील?

निवृत्त शिक्षिका, पादरा
उत्तम निवडलीत. जन्मदाखला, आधार कार्ड आणि राहण्याचा पुरावा जवळ ठेवा. १ जूनला सहा पूर्ण लागतात, तुमचं ते बसतंय. एखादा दाखला राहिला तरी वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे लक्षात असू द्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीत नाव द्या. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला लागतात. गणित-विज्ञानाची जागा रिकामी असेल तर तालुक्याला लेखी मागणी तिथूनच जाते.