मदत हवी आहे: शार्क चावा घेताना डोळा पांढरा का होतो?

आम्ही सांगलीकर, समुद्र बघायचा तो सुट्टीत गणपतीपुळ्याला. मुलगी सातवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी 'प्राणी डोळे कसे जपतात' यावर तक्ता करतेय. मगरीचं लगेच जमलं. कृष्णाकाठी राहून मगर ठाऊक नाही असं कोण आहे? पाण्यात शिरताना ती डोळ्यावर पारदर्शक पडदा ओढते.

गाडी अडलीय शार्कवर. एका व्हिडिओत ग्रेट व्हाइट आमिषावर तोंड घालतो आणि त्याच क्षणी काळाभोर डोळा पांढराफटक होतो. दुसरीकडे टायगर शार्कच्या डोळ्यावर खालून वर पडदा सरकतो. प्रकार एकच का? आणि डोळा झाकल्यावर त्याला दिसतं कसं? शुक्रवारी तक्ता द्यायचाय, जाणकारांनी जरा हात द्या.

प्रतिसाद १
दादा, प्रकार वेगळे. टायगर, बुल, ब्लू, हॅमरहेड यांना तिसरी पापणी असते, निमेषक पटल म्हणतात तिला. ग्रेट व्हाइटला ती नाहीच. तो अख्खा डोळाच मागे फिरवतो. बुबुळ आत वळतं, तुम्हाला दिसतो तो मागचा चिवट पांढरा भाग. त्याचं भक्ष्य असलेला सील (समुद्रातला सस्तन प्राणी) काही गुमान मरत नाही, नखं मारतो, चावतो. ओरखडा त्या पांढऱ्यावर गेला तर निभावतं, बुबुळावर गेला तर संपलं.

दिसतं कसं म्हणाल, तर त्या क्षणी दिसतच नाही. पण नाकाडावर बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ. भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारी क्षीण वीज त्यातून कळते. लोरेन्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १६७८ मध्ये या छिद्रांचं वर्णन केलं होतं, पण ती वीज ओळखतात हे उलगडलं विसाव्या शतकात. तक्त्यात छिद्रं मोठी काढायला सांगा, परीक्षक तिथेच थांबतील.

प्रतिसाद २
व्हेल शार्क पण घ्या, आपल्या शेजारी गुजरातच्या किनाऱ्यावर येतो. त्याला झाकायला पापणीच नाही. डोळा खोबणीत आत ओढून घेतो, शिवाय बुबुळाभोवतीच्या भागावर दातांसारखे सूक्ष्म खवले असतात. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. मात्र हा प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गाळून खाणारा, त्यामुळे 'शिकार करताना' या मथळ्याखाली त्याला घालू नका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. लेकीचा पुढचा प्रश्न तयारच: वरची-खालची पापणी असताना तिसरी कशाला?

प्रतिसाद १
असतात, पण त्या मिटून डोळा पुरता झाकत नाहीत. म्हणून.