शाळा सुटल्यावर डे-केअर की आजी? पंचवटीतला एक प्रश्न

पंचवटीकर
मुलगा चार वर्षांचा आहे. नर्सरी साडेअकराला सुटते. आता शाळेनेच पाच वाजेपर्यंत डे-केअर सुरू केलंय आणि सोबत 'ब्रेन अ‍ॅक्टिव्हिटी'चं पत्रक हातात दिलंय. बायकोचं मत, घालू या. माझं मत, दुपार आईकडेच जाऊ दे.

आई त्याला बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या बाजारात नेते. मेथीची जुडी हातात घेऊन मुळं बघायची, पिवळी पानं असतील तर खाली ठेवायची, हे त्याला आता सांगावं लागत नाही. दहाची नोट तो स्वतः देतो आणि सुटे परत घेतल्याशिवाय हलत नाही. घरी येऊन मांडी घालून वाटाणे सोलतो. शेंग उलट्या बाजूने दाबली की उघडत नाही, हे त्याचं त्यानेच शोधलं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की माझे बाबा त्याला पुलावरून नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती दाखवतात. काल पाणी गुडघ्याला होतं, आज कमरेला लागलं. मोजमाप याहून वेगळं काय असतं? २०२०च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षांच्या टप्प्यात खेळातून, हाताळण्यातून शिकवा असंच म्हटलंय. त्यासाठी वेगळी फी कशाला भरायची?

कॉलेजरोडवरून
वाचायला छान वाटतं. आमच्याकडे दुपारी एक ते चार सासूबाईंच्या मालिका, आणि लेक शेजारी बसून सगळ्यांची लग्नं-घटस्फोट पाठ करते. जेवत नाही म्हणून मोबाईल, रडते म्हणून मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. ते घरात म्हटलं की, 'आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?' मी तीन महिन्यांत डे-केअरला घातली. तिथे निदान टीव्ही नाही. तुमचे आईबाबा बाजारात जाणारे निघाले, नशीब तुमचं. सगळ्या घरांत तसं नसतं.

सिडकोची सून
धाग्यात सगळ्यांची मतं आली. मुलाचं, बायकोचं, धोरणाचंसुद्धा. आईंचं कुठाय? चार वर्षांच्या मुलामागे उन्हातून घाट चढायचा-उतरायचा म्हणजे काय असतं, ते पाठीमागून चालणाऱ्या गुडघ्यांना विचारा. नातवंडांची हौस असते हो. पण हौस वेगळी आणि सोमवार ते शनिवारची ड्यूटी वेगळी.

निवृत्त बाई, नाशिकरोड
मी आजीही आहे आणि बालवाडीवर बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा दोन्हीकडून बोलते.

आजीकडे मूल शिकतं कारण आजीला घाई नसते. आईबाप चप्पल घालून देतात, कारण बस चुकते. आजी उंबऱ्यावर बसून राहते आणि मूल पट्ट्याशी झटत राहतं. हे वर्गात वीस मुलांमध्ये आम्हाला जमत नाही, खरं सांगते.

पण एक गोष्ट आजीकडे होतच नाही. सापशिडीत मी मुद्दाम हरते. लाडू दोन असले तर मोठा त्याचा. त्यामुळे आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, हरलं तरी पट उधळायचा नाही, दुसऱ्याने ढकललं तर काय करायचं, हे सगळं त्याला बरोबरीच्या पोरांतच कळतं. नर्सरीत ते अडीच तास होत असेल तर चार वर्षांच्या मुलाला पुरे. पाचपर्यंत वर्गात कोंडून त्यात भर पडत नाही, मूल नुसतं पेंगुळतं. नर्सरी नसती तर मात्र मी उलट सल्ला दिला असता.

शनीचौक
गावातल्या पोरांना आजोबा नसतील तर रहाडी, म्हणजे रंगपंचमीचे जमिनीखालचे हौद, कोण सांगणार? वर्षभर वरून रस्ता, गाड्या उभ्या. नातू त्यावरून सायकल चालवतो आणि आजोबा सांगतात, तुझ्या चाकाखाली पेशव्यांच्या काळचा हौद आहे, रंगपंचमीला उघडला की बघ. पोरगं तेव्हापासून प्रत्येक चौकात पाय आपटून बघतंय. हे कुठल्या पत्रकात बसतं?

गोदाकाठ१९३०
रहाड सांगतात, चांगलंय. त्याच आजोबांनी काळाराम मंदिरात नेल्यावर २ मार्च १९३०ला बाहेर कोण उभं होतं आणि आत का जाऊ दिलं नाही, तेही सांगावं. आमच्या आज्याने सांगितलं, कारण त्याचा बाप दादासाहेब गायकवाडांबरोबर दलितांच्या त्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात होता. पण माझ्या मुलाला शेजारच्या आजींनी आडनाव विचारून पाण्याचा पेला बदलून दिला, तेही 'संस्कार' म्हणूनच. आजी-आजोबांकडून मूल सगळंच उचलतं. 'मुलगा असून रडतो काय' हेसुद्धा तिथेच पहिल्यांदा ऐकतं. वाटाणे सोलायला शिकलं म्हणून बाकीच्याकडे डोळेझाक करायची का?

शनीचौक
मान्य. पण हे शाळेत, डे-केअरमध्ये होत नाही असं कुणी सांगितलं?

गोदाकाठ१९३०
होतं. तिथे जाऊन तक्रार करता येते. घरात कुणाकडे करणार?

पंचवटीकर
सिडकोच्या ताईंसाठी: काल रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, 'ठेवीन, पण मंगळवारी भजन आहे आणि शनिवारी मी कुणाची नाही.' बाजाराला रिक्षाने जाणार, उन्हाचं नाही, पाचनंतर. मोबाईल तिच्याकडे साधाच आहे. मंगळवार-शनिवार मी आणि बायको वाटून घेतोय. मंगळवारी मला ऑफिसातून लवकर सुटता येतं का, ते आता साहेबांना विचारायचंय. बाईंचा मुद्दा पटला, संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांत सोडतो.

सिडकोची सून
उत्तम. डे-केअरची जी फी वाचली ती आईंच्या हातात दर महिन्याला द्याल ना? रिक्षा तरी त्यातूनच होऊ द्या, त्यांच्या पेन्शनमधून नको.