पोलीस अर्ज ठेवून घेतात पण पोच देत नाहीत, पुढे काय करायचं?

गिरगावकर: आमची पागडीची खोली आहे, आई एकटी राहते. ती मावशीकडे गेली असताना मालकाच्या माणसांनी कुलूप तोडून आपलं कुलूप लावलं, खिडकीतून बघितलं तर तांब्याचा बंब आणि आजीची पेटी जागेवर नाही. पोलीस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदार म्हणे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. खूप विनवण्या केल्यावर अर्ज ठेवून घेतला, पण माझ्या कॉपीवर शिक्का द्यायला तयार नाहीत, साहेब आले की बघू म्हणतात. आता विचारायला गेलं की "कुठला अर्ज?" आई सत्तरीची आहे हो, शेजाऱ्यांकडे झोपतेय.

संध्या_दादर: हेच करतात, फार संताप येतो. पोच नाही म्हणजे उद्या तुम्ही आलाच नव्हतात असं म्हणायला ते मोकळे. तोच अर्ज आजच सीनियर पीआयच्या, म्हणजे पोलीस स्टेशनच्या प्रमुखाच्या, नावाने स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा, पावती जपून ठेवा. आणि कोणी "एनसी घेतो, सही करा" म्हणालं (एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही) तर आधी वाचा, त्यात कुलूप तोडल्याचं आणि सामान गेल्याचं येतंच असं नाही.

वकील_परळ: खोली कोणाची हा वाद सिव्हिल असेल, पण कुलूप तोडून घुसणं आणि सामान नेणं हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो असा. ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्येच सांगितलंय की अर्जातून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. आता नवीन कायद्यात, म्हणजे बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), एफआयआरसाठी कलम १७३ आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवायची असते, अर्ज नुसता टेबलावर ठेवायचा असं कुठेच लिहिलेलं नाही. नोंद नाकारली तर १७३(४) खाली लेखी तक्रार वर पाठवायची, मुंबईत तुमच्या परिमंडळाच्या डीसीपींकडे, म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे. तिथेही काही झालं नाही तर १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी वर तक्रार केल्याचा पुरावाही, म्हणून त्या पोस्टाच्या पावत्या. एफआयआर झाला की कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

गिरगावकर: पण पहिला अर्ज दिल्याचं कसं दाखवू? माझ्याकडे फक्त झेरॉक्स आहे.

संध्या_दादर: नवीन अर्जात लिहा की अमुक तारखेला, साधारण अमुक वाजता अर्ज दिला, ड्युटीवरच्यांनी पोच नाकारली. पोलीस स्टेशनमध्ये सीसीटीव्ही लावायचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच दिलाय, तर त्या वेळचं फुटेज जपून ठेवा अशी मागणी त्याच पत्रात करा, उशीर केला तर ते पुसलं जाईल. आवक रजिस्टरची त्या दिवसाची नोंदही माहिती अधिकारात मागा. आणि भाडेपावत्या, लाईट बिल, रेशनकार्ड आईंच्या नावावरचं जे असेल ते सगळं जोडा, खोलीचा ताबा त्यांचाच होता हे अर्ज वाचताच कळलं पाहिजे.